आतल्या बाजूच्या फळ्या

पोस्टातल्या मिस झेरेल्डानं मला बजावलं होतं. तिकिटांच्या खिडकीतून हात बाहेर काढून, माझं मनगट धरून बजावलं होतं.

"आयडेला, गाईला दावं लाव. पहिल्या तारखेपासून नवा कायदा लागू होतोय. आणि तो स्पिव्ही दिसतो सर्कशीतला, पण कायद्याची गोष्ट निघाली की त्याला सख्खी बहीणसुद्धा ओळखू येत नाही."

मी हसले. माझ्या कडेवर टेनी होती, सात महिन्यांची, आणि माझं सगळं लक्ष तिच्या मानेवरच्या घामोळ्याकडे होतं. शिवाय गावचा पोलीस असला तरी मार्शल लिअँडर स्पिव्हीला घाबरायचं म्हणजे कोंबड्याला घाबरण्यासारखं होतं. भर ऑगस्टात तो पिवळं रेशमी जाकीट घालून रस्त्यानं फिरायचा. जाकिटावर लाल पाखरं भरलेली. ती मोबीलच्या एका विधवेनं भरली, असं तो सांगे. दुसऱ्या दिवशी विचारलं तर विधवा न्यू ऑर्लिन्सची झालेली असे. मिशांना सुगंधी तेल, टोपीत पीस, हातात चांदीच्या मुठीची काठी, आणि बुडाखाली एक पांढरं खेचर, त्याचं नाव सेनेटर. एखादा दारुडा पकडायचा तर त्याला दंडाला धरून ओढत नेत नसे. नाचाला न्यावं तसा आपला हात पुढं करी आणि म्हणे, "चला सर, आपली खोली तयार आहे." आणि दारुडे जात. आपल्या मेहुण्याला त्यानं लग्नाच्या पंगतीतून उठवून नेलं होतं, पण पानातलं पीचचं पक्वान्न संपेपर्यंत शेजारी उभा राहून, आणि स्वतःही एक तुकडा खाऊन.

लॅटिमर क्रॉसिंग तेव्हा नुसतं वाढत होतं. रूळ आले, त्यामागं कापसाची गिरणी, लाकडाची गिरणी, दोन मजली हॉटेल. दर महिन्याला कुठंतरी ओल्या पाइनचा नवा वास. दोन्ही गिरण्या कर्नल बॅसेटच्या, आणि गावचा मेयरही तोच. हॉटेलात उतरणाऱ्या पाहुण्यांच्या बुटांना शेण लागतं, म्हणून त्यानं हा कायदा करून घेतला: गावच्या हद्दीत जनावर मोकळं सोडायचं नाही.

आमच्याकडे हे ऐकून लोकांना वाटलं, मेयरचं डोकं फिरलं. कुंपण असतं ते पिकाला. जनावर मोकळंच असायचं. ज्याला आपला मका प्यारा त्यानं मक्याला कुंपण घालावं, ही पणजोबांच्या काळापासूनची रीत. गाय सकाळी दूध काढून सोडायची, ती रूळ ओलांडून ओढ्याकाठी चरायची, संध्याकाळी घंटा वाजवत आपोआप दारात यायची. आमची रूबीही अशीच. लाल, बुटकी, एक शिंग खाली वळलेलं.

त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच संपला. ओढ्यात दगड उघडे पडले, गवत झाडूच्या काड्यांसारखं झालं. माझा नवरा अमोस दक्षिणेकडे नव्या रेल्वेमार्गावर कामाला होता, महिन्यातून एकदा घरी यायचा. घरात मी, टेनी आणि अमोसची आई. तिला अख्खं गाव मा प्रुइट म्हणे. वसंतात मला ताप येऊन गेला आणि माझं दूध आटलं, तेव्हापासून टेनी रूबीच्या दुधावर होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बाळाला एकाच गाईचं दूध द्या, गाय बदलू नका. मी ते शब्द मनात कोरून ठेवले होते. आमच्या रस्त्यावरून त्या उन्हाळ्यात दोन लहान पेट्या गेल्या होत्या. दोन्ही बाळं वरच्या दुधाची. जुलाब लागले आणि आठवड्याच्या आत गेली.

"एकच गाय!" मा प्रुइट म्हणायची. "माझी सात पोरं मिळेल त्या गाईचं प्याली. कॉलेजात हेच शिकवलं का तुला?"

"सातांतली चार गेली, मा."

मी बोलून गेले. तिनं चुलीत एक लाकूड सारलं आणि ते पेटेपर्यंत त्याच्याकडे बघत बसली.

एका संध्याकाळी घंटा आली नाही.

मी दारात उभी राहून "सूक, सूक, सूक" करून घसा बसवला. मग कळलं. गावात हिरवं म्हणून एकच जागा उरली होती, कोर्टासमोरचं गवत. त्याला विहिरीचं पाणी घालत. रूबीला ते सापडलं, आणि रूबी मार्शलला सापडली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मी टेनीला घेऊन कोंडवाड्यावर गेले. स्टेशनाला लागून तो नवाच बांधला होता. फळ्यांतून अजून डिंक पाझरत होता. मार्शल एका पिंपावर बसून चाकूनं कलिंगड खात होता, जाकिटावर डाग पडू नये म्हणून गळ्यात टॉवेल खोचलेला. मला बघताच उठला, टोपी काढली.

"या, मिसेस प्रुइट. तुमची रूबी इथं मानानं आहे. काल तिनं मला गाणं म्हणून दाखवलं. आवाज जरा खालचा आहे."

"मार्शल, मला माझी गाय द्या. बाळ भुकेलंय."

"देतो की. कुंपण दाखवा."

"कुंपण नाही आमच्याकडे. कुणाकडेच नाही."

"कर्नलसाहेबांकडे आहे."

"कर्नलसाहेबांकडे लाकडाची गिरणी आहे!"

"हो, त्याचा त्यांना उपयोग झालेला दिसतो."

टेनीनं त्याचं कलिंगडानं चिकट झालेलं बोट पकडलं. त्यानं ते सोडवून घेतलं नाही. तसाच वाकून उभा राहिला आणि आवाज खाली आणला.

"मॅम, हा कायदा मी केला नाही. मी नको म्हटलं होतं. पण केलाय ना, मग तो सगळ्यांना सारखा. तिकडं बघा."

कोंडवाड्याच्या कोपऱ्यात एक काळा प्रचंड बैल उभा होता. बॅसेटचा वळू.

"चर्चच्या आवारात थडग्यावर झोपला होता. कर्नल म्हणाले, 'स्पिव्ही, तो माझा आहे.' मी म्हटलं, 'सर, मला तो तसं काही बोलला नाही.' आता कर्नल स्वतः न्यायला येत नाहीत आणि मी पोचवायला जात नाही. बघू, कोण आधी थकतं. बहुतेक बैल." मग तो सरळ झाला. "ऐका. पहिली चूक असेल तर पक्कं कुंपण घालायचं, मी बघणार, गाय घरी. दुसऱ्यांदा बाहेर सापडली तर सोडायची नाही. आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मालगाडी येते. तोवर ज्यांना कुंपण नाही ती सगळी अटलांटाच्या कसायाकडे."

मी टेनीला घट्ट धरलं.

"दूध मात्र तुमचं," तो म्हणाला. "सकाळ-संध्याकाळ या आणि काढून न्या. कायद्यानं गाय कोंडायला सांगितलीय, बाळ नाही."

मग मी रोज जाऊ लागले. मी मेकनच्या कॉलेजात ग्रीक शिकले होते, पियानो वाजवायचे, आणि आता स्टेशनावरच्या रिकामटेकड्यांसमोर शेणात स्टूल टाकून, स्कर्ट गुडघ्यांत खोचून दूध काढत होते. टेनी गवताच्या पेंढीला टेकवून ठेवलेली. एक डोळा तिच्यावर, एक माशांवर, एक त्या वळूवर. आईला डोळे पुरतच नाहीत. फलाटाच्या कठड्यावर ते पाच-सहा जण बसायचे.

"काय हात आहेत!" क्लीट नावाचा एक जण म्हणाला. "अमोस बिचारा तिकडं रूळ टाकतोय, आणि इकडं..."

बाकीचे फिदीफिदी हसले. मी मान खाली घातली. कानांतून वाफ निघतेय असं वाटलं.

काठी लाकडावर आपटल्याचा आवाज आला. मार्शल फलाटावर उभा होता.

"सद्गृहस्थहो," तो एखाद्या भाषणासारखा म्हणाला, "गावात एक बाई दूध काढतेय. टोप्या उतरवा. छान. आता तोंडं रुळांकडे. तूही, क्लीट. रूळ बघ, किती सरळ गेलेत. तुझ्या घराण्यात एवढं सरळ काही गेलं नसेल."

ते खरंच वळले. टोप्या हातात धरून रूळ बघत उभे राहिले.

माझ्यानंतर हेस्टर यायची. ती काळी, ओढ्यापलीकडं राहणारी, कपडे धुवायचं काम करायची. तिचीही गाय त्याच गवतावर सापडली होती. ती स्टूल घेऊन आत आली तसे ते लोक वळून कठड्यावर बसायला लागले.

"कुणी सांगितलं वळायला?" मार्शल म्हणाला.

क्लीटनं हेस्टरकडे अंगठा केला. "हिच्यासाठीसुद्धा?"

"मी म्हटलं, बाई दूध काढतेय. रूळ बघ."

क्लीट थुंकला. पण मार्शलची काठी त्याच्या गुडघ्याला हलकेच टेकली होती, आणि मार्शल हसत होता, आणि त्या हसण्याला कुणी कधी उत्तर दिलेलं मी पाहिलं नाही. क्लीट वळला. हेस्टर स्टुलावर बसली. तिच्या चरवीत दुधाची धार पडायला लागली, जोरात, जरा जास्तच जोरात.

घरी मा प्रुइटनं कुदळ काढली.

"रडून कुंपण होतं का? चल."

लाकडाच्या गिरणीमागं सालीसकटच्या वाकड्या फळ्या फेकलेल्या असत, कुणीही न्याव्यात. आम्ही त्या हातगाडीवर घालून आणल्या. सीडरचे खांब मा प्रुइटनं ओढ्याकाठून स्वतः तोडले. तिचं वय विचारलं तर ती "जॅक्सन प्रेसिडेंट होता तेव्हा मी चालत होते" एवढंच सांगे. जमीन विटेसारखी झाली होती. पहार मारली की ठिणगी उडायची आणि हात खांद्यापर्यंत झिणझिणायचे. मी खड्ड्यात पाणी ओतायची, ते मुरेपर्यंत थांबायची, मग पुन्हा पहार. माझ्या तळहाताला फोड आले, फुटले, त्यांवर पुन्हा फोड. टेनीला मी पीचच्या झाडाखाली टोपलीत ठेवी आणि दर चार घावांनी जाऊन बघून येई.

"सापानं उचलून नेली नाही अजून," मा म्हणायची. "मार पहार."

जेवण म्हणजे मक्याची भाकरी आणि ताक. रात्री पाठ जमिनीला टेकत नसे.

पण कुंपण उभं राहिलं. "घोड्याला उंच, बैलाला घट्ट, डुकराला दाट," असं आमच्याकडे कुंपणाबद्दल म्हणतात. ते तसंच झालं होतं. शेजारी बघून गेले. हेस्टरही तिचं तसंच घालत होती, तिनं आमच्या खांबाला हात लावून बघितला आणि म्हणाली, "मिस आयडेला, ह्याच्यातून वारासुद्धा विचारून जाईल."

मार्शल सेनेटरवरून आला. रस्त्यावर उतरला, जाकीट काढून खेचराच्या पाठीवर घडी घालून ठेवलं, आणि कुंपणाला पाठ लावून रेलला. तो चांगला धिप्पाड होता. टाचा मातीत रुतल्या, मानेच्या शिरा उठल्या. फळी कुरकुरलीही नाही. तो कोपऱ्याकोपऱ्यावर असा रेलत घराला फेरी मारून आला.

"मा प्रुइट," तो घाम पुसत म्हणाला, "हे कुंपण तुम्ही युद्धाच्या वेळी का नाही घातलंत? शर्मन त्याच्या फौजेसकट बाहेर राहिला असता."

मा अंगणात थुंकली, पण ती खूश होती. त्याच दुपारी रूबी घरी आली. मी तिच्या मानेला मिठी मारली. टेनीनं तिच्या कानाचा केस ओढला. मी त्या रात्री पहिल्यांदा झोपले.

सकाळी उठून बघते तर रस्त्याकडच्या तीन फळ्या बाहेर, धुळीत पडलेल्या. घंटेचा आवाज कुठंच नाही.

रूबी कर्नल बॅसेटच्या बागेत सापडली. त्याच्या बायकोचे गुलाब तिनं देठांपर्यंत खाल्ले होते.

मी पोचेपर्यंत मार्शलनं तिच्या गळ्यात दोर अडकवला होता. कर्नल पांढऱ्या सुटात, पायरीवर उभा.

"दुसरी चूक," कर्नल म्हणाला. "उद्या शनिवार. उद्या गाडीत."

"मार्शल," मी म्हटलं. टेनी माझ्या खांद्यावर तोंड घासत होती, दूध शोधत.

मार्शल माझ्याकडे बघत नव्हता. "कायदा तसा आहे, मॅम," तो म्हणाला आणि गाय घेऊन चालायला लागला. माझ्या मनात त्या क्षणी त्याच्याबद्दल जे आलं ते मी इथं लिहीत नाही. मिस झेरेल्डा पोस्टाच्या दारात उभी होती. 'बजावलं होतं' असं म्हणाली नाही, हे तिचे उपकारच.

पण रूबीला कोंडवाड्यात सोडून तो थेट आमच्याकडे आला. पायी. पडलेल्या फळीशी गुडघे टेकून बसला. खिळे फळीतच होते, सरळ, एकही वाकलेला नाही. खांबातून उपटून आले होते. मग तो उठला, कुंपणाच्या आत गेला, आणि आतून, रूबी उभी राहायची तिथून, नुसता खांदा लावला. चौथी फळी कट्‌ करून निघाली आणि रस्त्यावर पडली.

मा प्रुइट पायरीवरून खाली आली.

"अरे देवा," मा म्हणाली. "फळ्या बाहेरून."

"बाहेरून," मार्शल म्हणाला.

"काय झालं? मला सांगा काय झालं ते," मी ओरडले.

"पोरी, आम्ही जन्मभर गाईला मक्यातून बाहेर ठेवलं," मा म्हणाली. "गाय बाहेरून ढकलणार, म्हणून फळी खांबाच्या बाहेरच्या अंगाला ठोकायची. ती ढकलते तशी फळी खांबावर दाबली जाते. आता गाय आत आहे. ती आतून ढकलते, आणि फळी सुटून येते." तिनं स्वतःच्या कपाळावर हात मारला. "हात आपोआप तिथंच गेला गं. विचारच केला नाही."

"आणि मी रस्त्यावरून रेललो," मार्शल म्हणाला. "अख्ख्या गावाची कुंपणं मी रस्त्यावरून रेलून पास केलीत."

तो हसला, मोठ्यानं, आणि मग हसायचा थांबला. जाकिटाची बटणं त्यानं एकेक करून लावली, वरपासून खालपर्यंत.

"आज आणि उद्या दुपारपर्यंत वेळ आहे," तो म्हणाला. "फळ्या काढा. आतून मारा."

"पण दुसरी चूक..."

"तुम्ही फळ्या मारा, मॅम. चूक मी बघतो."

तो कर्नलच्या कचेरीत गेला, आणि जे बोलला ते खिडक्या उघड्या असल्यानं अर्ध्या गावानं ऐकलं. त्याचं म्हणणं असं: कायदा म्हणतो, पक्कं कुंपण झाल्यावर गाय सोडावी. हे पक्कं नव्हतं. मी चुकीच्या बाजूनं पाहिलं. म्हणजे गाय अजून पहिल्याच चुकीत आहे, दुसरी चूक तिची नाही, माझ्या पाठीची आहे. शनिवारची गाडी यायच्या आत खरं कुंपण झालं नाही तर मी स्वतः तिला डब्यात चढवीन.

"आणि ते खरं आहे हे कोण ठरवणार? तू?" कर्नल म्हणाला.

"नाही सर. माझ्या पाठीवर आता कुणाचा विश्वास नाही. तुम्ही रेला."

कर्नल कबूल झाला. पण दुपारची गाडी कधीकधी लवकर येते, आणि कर्नलची माणसं जनावरं चढवायला कधीकधी त्याहूनही लवकर येतात, हे मार्शलला ठाऊक होतं. शनिवारी सकाळी तो चांगलं जाकीट घालून कोंडवाड्यात शिरला, आतून कडी लावली, आणि रूबीच्या शेजारी एक बादली उपडी घालून तिच्यावर बसला. मिस झेरेल्डा सांगत होती, त्यानं मिशांना तेलसुद्धा लावलं होतं. कर्नलची माणसं आली तेव्हा तो म्हणाला, "गाडी येईपर्यंत आत फक्त जनावरं. मी त्यांत मोडतो का, ते नंतर ठरवू."

इकडे आम्ही खिळे काढत होतो. नवे खिळे आणायला वेळही नव्हता आणि पैसेही नव्हते. हेस्टर आली. तिची गाय अजून कोंडवाड्यातच होती, आणि तिच्या कुंपणाच्या फळ्याही बाहेरूनच होत्या. "आधी तुमचं," ती म्हणाली. "बाळ थांबत नाही." मी पहारीनं फळी उचकटायची, मा दगडावर खिळा सरळ करायची, हेस्टर आतून ठोकायची. तोंडात खिळे धरून ती बोलायची, आणि मला अर्धंच कळायचं. उन्हात सालीचा वास चढला होता. माझा एक घाव बोटावर बसला, नख काळं झालं. रूबीचं दूध काढायला जायला वेळ मिळाला नव्हता, म्हणून हेस्टरनं पहाटे काढून आणलेलं तिच्या गाईचं दूध टेनीला पाजावं लागलं. ती ते गटागटा प्याली, ढेकर दिली आणि झोपली. मी दर थोड्या वेळानं तिच्या पोटाला हात लावून बघत होते. काही झालं नाही. मा ते बघत खिळे सरळ करत राहिली.

शेवटची फळी राहिली होती तेव्हा कर्नल आला. पांढरा सूट, पांढरे बूट.

"कुठे रेलायचं?" तो रस्त्यावरून म्हणाला.

"आत, सर," मा प्रुइट म्हणाली. "गाय आत असते."

आत रूबीनं एका रात्रीत जे करायचं ते केलं होतं. कर्नलनं खाली बघितलं. रस्त्यावर आता बरीच माणसं जमली होती, क्लीटही होता. कर्नल आत आला. बूट शेणात रुतले. त्यानं पाठ लावली, टाचा रोवल्या, आणि तोंड लाल होईपर्यंत जोर लावला. मग दुसऱ्या कोपऱ्यावर. मग तिसऱ्या. फळी खांबाला आणखी घट्ट बसत गेली.

तेवढ्यात लांबून शिट्टी झाली. मालगाडी.

कर्नलनं रुमाल काढला, हात पुसले. "घेऊन या गाय," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. आणि जाता जाता, "माझा बैलही कुणीतरी पाठवा."

मी धावले. टेनी हेस्टरकडे देऊन धावले, आयुष्यात पहिल्यांदा तिला डोळ्याआड करून. इंजिन स्टेशनात उभं राहून वाफ सोडत होतं. कोंडवाड्यात धूळ उडालेली. काळा वळू एका कोपऱ्यात पाय आपटत होता. रूबी मार्शलच्या मागं, आणि मार्शल बादलीवर बसलेला, पाठ खांबाला लावून.

"कुंपण टिकलं!" मी ओरडले. "कर्नल आतून रेलले! टिकलं!"

"ऐकून फार आनंद झाला, मॅम," तो म्हणाला. कडी काढायला तो उठला नाही. काठीच्या टोकानं ती सरकवली.

मी समोर उभी होते, आणि तो बसून होता. हा माणूस फलाटावरून धोब्याची बायको गेली तरी उठणारा. मी त्याच्याकडे नीट पाहिलं. तेलाच्या मिशांखाली ओठ राखाडी झाले होते. उजव्या पायाची पँट गुडघ्याखाली काळी, ओली.

"शिट्टीनं बैल बिथरला," तो म्हणाला. "जरा खांबाकडे सरकला. मी मधे होतो. तुमच्या रूबीला काही नाही."

"कधी झालं हे?"

"गाडी पहिल्यांदा वाजली तेव्हा, वळणावर. मी म्हटलं, आता हललो तर ते लोक आत येतील." तो हसला. "न्या गाय. मी आज बसूनच जास्त रुबाबदार दिसतो."

मी माझा ॲप्रन फाडला आणि पाय बांधला. पिवळ्या जाकिटावर रक्ताचा एक थेंब पडला, तर तेवढ्यावरून तो माझ्यावर रागावला. तेवढं एकदाच. क्लीटनं आणि दुसऱ्या एकानं त्याला उचलून नेलं. जाताना तो हात वर करून म्हणाला, "चला सर, आपली खोली तयार आहे," आणि क्लीटला हसावं की काय ते कळेना.

त्या आठवड्यात गावातल्या सगळ्या फळ्या आतल्या बाजूला गेल्या. सकाळपासून खिळे उपटल्याचा आवाज यायचा. हेस्टरचं कुंपण आम्ही तिघींनी मिळून बदललं, आणि मार्शल सेनेटरवरून तिथं आला, पाय बांधलेला, खेचरावरून न उतरता म्हणाला, "आत बघितलं मी. छान," आणि तिची गाय तिला दिली.

टेनी आता चालते. अमोसला किनाऱ्याकडच्या मार्गावर कायमचं काम मिळालं, म्हणून आम्ही इकडं राहायला आलो. रूबीही मालगाडीनंच आली. मा प्रुइट तिच्याबरोबर डब्यात बसून आली, कुणाचं ऐकलं नाही.

स्पिव्ही आता मार्शल नाही. कौन्सिलला निळ्या गणवेशातला तरुण माणूस हवा होता. तो खोगीरवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत एकटा राहतो, असं कळतं. मिस झेरेल्डा वारली, आणि आता लिहून कळवणारं तिथं कुणी नाही. तो स्वतः लिहितो, पण त्याच्या पत्रात सगळं उत्तमच असतं, दर वेळी एक नवी विधवा असते, आणि पायाबद्दल एक शब्द नसतो. तो पाय कधीच पुरता भरला नव्हता. आम्ही निघालो तेव्हा जखम पुन्हा उघडली होती, आणि तो म्हणे, हे नुसतं हवामान आहे.

म्हणून विनंती आहे. तुमचं कधी लॅटिमर क्रॉसिंगला उतरणं झालं, गाडी बदलायला का होईना, तर खोगीरवाल्याच्या मागं जा. कसं काय विचारू नका. तो एक तासाची गोष्ट सांगेल आणि तुम्ही हसत परत याल. गोष्ट ऐका, पण त्याआधी त्याला पायावरची पट्टी सोडायला लावा. तो नाही म्हणेल. तरी सोडायला लावा, आत नीट बघा, आणि मला कळवा.